माळ्यावरचा राजपुत्र

दिवाळीपूर्वी घराची रंगसफेदी निघाली की मराठी कुटुंबाचा इतिहास माळ्यावरून खाली उतरतो. पितळेचा बंब, मोडका पाळणा, कोणाच्या तरी मॅट्रिकच्या वह्या, भाता फाटलेली बाजाची पेटी! या वस्तू पाहून वडीलधारी माणसे हळवी होतात आणि तरुण मंडळी त्या भंगारवाल्याच्या हवाली केव्हा करता येतील याचा हिशेब मांडू लागतात. गेल्या दिवाळीत इंदूर येथे आमच्या भगिनीच्या घरी मुक्काम असताना मात्र हा क्रम उलटा झालेला आम्ही पाहिला. माळ्यावरून एक पिवळी पडलेली, धुळीने माखलेली संगणकाची पेटी खाली आली. आमची भगिनी ती भंगारात काढण्याच्या गोष्टी बोलू लागली आणि हळवा झाला तो चाळिशीतला, चांगल्या नोकरीवर असलेला आमचा भाचा!

पेटीबरोबर एक बुटांचा खोका होता. त्यात काही सीडी आणि सात-आठ फ्लॉप्या होत्या. एका फ्लॉपीवर शाळकरी अक्षरात 'प्रिन्स' असे लिहिलेले होते. भाच्याची दहा वर्षांची मुलगी ती उलटसुलट करून पाहात म्हणाली, "बाबा, हा कुठला गेम? मला दाखव ना." बापाने मोठ्या उत्साहाने होकार दिला आणि तेथून पुढे जे घडले, ते आमच्या आजच्या लेखाचे निमित्त आहे.

इंदूरच्या मराठी घरांची घडण गोमंतकीय वाचकांस अपरिचित वाटणार नाही. होळकरांच्या राजधानीत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली ही कुटुंबे घरात मराठी आणि अंगणात हिंदी बोलतात, महाराष्ट्र साहित्य सभेच्या ग्रंथालयातून पुस्तके आणतात आणि दिवाळी अंकांची वाट पाहतात. अशा घरात १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस संगणक आला तो मुलाच्या अभ्यासासाठी, असे सांगून. कर्ज काढून आणलेल्या त्या यंत्रावर अभ्यास किती झाला हे देवास ठाऊक. पण संध्याकाळी गल्लीतली पाच-सहा मुले त्याभोवती दाटीने बसत. कीबोर्ड एक, खेळाडू अनेक. खेळातला एक जीव गेला की पुढच्याची पाळी, असा अलिखित कायदा होता. ज्याची पाळी नसे तो मागून सल्ले देई आणि सल्ला चुकला की टपली खाई. रात्री जेवणे उरकली, मुले पांगली, की आमचे भावोजी नाना शांतपणे त्या खुर्चीवर बसत आणि विंडोजबरोबर फुकट येणारा सुरुंग शोधण्याचा खेळ अर्धा तास खेळत. बँकेतल्या आकड्यांनी दिवसभर शिणलेल्या त्या गृहस्थास रात्री पुन्हा आकड्यांतच विसावा मिळे. नानांना जाऊन आता सहा वर्षे झाली.

आज चाळिशीच्या आसपास असलेल्या शहरी मराठी पिढीच्या बालपणात हे खेळ किती खोल रुतलेले आहेत, याची कल्पना त्याआधीच्या पिढीस नाही. आट्यापाट्या आणि विटीदांडूच्या आठवणींवर आपण लेखच्या लेख लिहितो. परंतु या पिढीचा विटीदांडू पडद्यावर होता. लाल टोपीचा डेव्ह, 'रोड रॅश'मधल्या मोटारसायकली, 'एज ऑफ एम्पायर्स'मधली राज्ये आणि 'व्हाइस सिटी'तले रस्ते ही नावे या वयाच्या माणसांसमोर उच्चारून पाहावीत. पोक्त चेहऱ्यावर क्षणार्धात शाळकरी हसू उमटते. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. यांतील बहुतेक खेळ आपल्याकडे विकत घेतलेले नव्हते. या मित्राकडून त्या मित्राकडे, सायबर कॅफेतून घराकडे, असा नकलांचा प्रवास चाले. जगाच्या विक्रीच्या याद्यांत त्या खेळांचे आकडे दिसतात, त्यांत आपल्या गल्लीतली मुले मोजलेली नाहीत.

त्या फ्लॉपीवरचा 'प्रिन्स' म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ साली ॲपल कंपनीच्या संगणकासाठी पुरा केला. राजवाड्याच्या तळघरात कोंडलेला राजपुत्र, साठ मिनिटांची मुदत आणि वर वाट पाहणारी राजकन्या, एवढीच कथा. परंतु तो राजपुत्र धावे, उडी मारी, कड्याला लोंबकळे ते खऱ्या माणसाप्रमाणे. याचे रहस्य असे, की मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि ती एकेक हालचाल चित्रावरून संगणकात उतरवली. संगीत त्याच्या वडिलांनी दिले. एका कुटुंबाच्या घरगुती खटपटीतून निघालेला हा खेळ साऱ्या जगात पोहोचला आणि इंदूरच्या एका मराठी मुलाने त्यातील प्रत्येक सापळ्याची जागा तोंडपाठ केली.

खोक्यातील एक सीडी क्रिकेटची होती. इंदूरच्या मुलाकडे ती नसती तरच नवल! या नगरीस क्रिकेटचे वेड पडद्याने लावलेले नाही. १९४६ साली रणजी करंडकाच्या उपान्त्य सामन्यात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह अशा सहा जणांनी एकाच डावात शतके झळकावली. आठ दशके लोटली, तरी त्या डावातील प्रत्येकाच्या धावा आज आपण सांगू शकतो. कारण कोणीतरी तो धावफलक लिहिला, छापला आणि जपला. या नगरीत वाढलेल्या मुलांनी पुढे ज्या खेळावर हजारो सामने खेळले, तो ईए स्पोर्ट्स कंपनीचा 'क्रिकेट ०७' नावाचा खेळ २००६ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. त्याची निर्मिती मुंबईत नव्हे, लंडनमध्येही नव्हे, तर कॅनडातील लुनेनबर्ग या समुद्रकाठच्या जुन्या मासेमारी गावातल्या एका कंपनीने केली, हे वाचून आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस मौज वाटेल. त्यानंतर ईए स्पोर्ट्सने या मालिकेतील नवा खेळ काढला नाही. पण हौशी तरुणांनी तो मरू दिला नाही. नवे खेळाडू, नवे गणवेश, नवी मैदाने आपल्या हातांनी घडवून ते त्यात घालत राहिले. कंपनीने सोडून दिलेल्या झाडाला गावकऱ्यांनी पाणी घालावे, तसा हा प्रकार आहे.

आता त्या पेटीकडे वळू. भाच्याने ती गाडीत घातली आणि रवींद्रनाथ टागोर मार्गावरील सिल्व्हर मॉल या संगणकांच्या बाजारात नेली. आम्हीही बरोबर गेलो. एका छोट्या दुकानातील कारागिराने पेटी उघडली, आतला कोळिष्टकांचा संसार पाहिला आणि हसून म्हणाला, "भिया, इसको तो अब म्यूजियम में रख दो." तरीही त्याने प्रयत्नांची शर्थ केली. वीजपुरवठ्याचा भाग बदलला. फ्लॉप्या एकामागून एक घालून पाहिल्या; एकही वाचता येईना. सीडींवर बुरशीचे डाग पडले होते आणि दोन-तिघींचा चकचकीत थर सुटून आला होता. भाच्याच्या घरच्या नव्या संगणकास तर सीडी घालण्याची फटच नाही. राजपुत्र त्या काळ्या चौकोनात कायमचा कोंडला गेला होता आणि त्याची साठ मिनिटे केव्हाच संपली होती.

कारागिराचे बोलणे थट्टेचे होते. परंतु घरी परतताना आमच्या मनात आले, की खरोखरच ही पेटी ठेवायची म्हटली, तर आपल्या देशात तिला घेणारे संग्रहालय कोणते?

सारीपाटाचा कापडी पट पेटाऱ्यात शंभर वर्षे पडून राहिला, तरी झटकून पसरता येतो आणि कवड्या टाकून लगेच खेळता येतो. फत्तेपूर सिक्रीच्या प्रांगणात अकबराच्या काळचा म्हणून दाखविला जाणारा पचिसीचा दगडी पट अजून शाबूत आहे. संगणकावरील खेळाचे तसे नाही. त्याला यंत्र लागते, त्या यंत्राची भाषा लागते, ती भाषा समजणारी विंडोजची ठरावीक आवृत्ती लागते. यांतील एक दुवा तुटला, की सारा खेळ निर्जीव. या शतकाच्या पहिल्या दशकातील अनेक सीडींवर चोरी रोखण्यासाठी जे कुलूप घातलेले होते, ते २०१५ साली आलेल्या विंडोजच्या दहाव्या आवृत्तीने स्वीकारणेच बंद केले. परिणामी ज्याने पदरचे पैसे मोजून अस्सल सीडी घेतली, त्याचीच सीडी निकामी झाली. चोराने कुलूप आधीच फोडले होते. त्याचे काम अडले नाही!

नव्या खेळांची स्थिती याहून नाजूक आहे. सीडी हा प्रकारच संपत आला आणि खेळ थेट तारेवरून येऊ लागले. आपण पैसे भरतो ते वस्तूचे नव्हे, वापराच्या परवान्याचे. २०२४ च्या मार्चअखेर युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'द क्रू' या मोटारींच्या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेल्या प्रतीही त्या दिवसापासून कोणाच्या घरी चालेनाशा झाल्या. आपल्या कपाटातील कादंबरी प्रकाशकाने रात्रीत कोरी करून टाकावी, तसेच हे झाले. त्याविरुद्ध युरोपात नागरिकांनी मोहीम उभारली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत तिच्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्याने ग्राहक परवाना घेतो आहे, मालकी नव्हे, हे विक्रीच्या वेळी स्पष्ट सांगण्याची सक्ती कायद्याने केली. आपल्याकडे हा प्रश्न अद्याप कोणाच्या गावी नाही.

हा व्यवहार क्षुल्लक आहे असे कोणी समजू नये. 'माइनक्राफ्ट' या स्वीडनमध्ये जन्मलेल्या, ठोकळ्यांनी घरे-गावे बांधण्याच्या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती २०२३ पर्यंत जगभर खपल्या होत्या. एवढा खप लाभलेल्या कादंबऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतक्याच सापडतील. पण खपाच्या मानाने जतन किती? अमेरिकेत या कामास वाहून घेतलेल्या एका संस्थेने २०२३ साली पाहणी करून सांगितले, की २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी शंभरातले ८७ आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. हा हिशेब श्रीमंत आणि सावध देशाचा आहे. आपल्याकडे हिशेब करण्यासाठी यादीसुद्धा नाही.

"पोरखेळच तो, बुडाला तर बुडाला," असे म्हणणाऱ्यांना आम्ही आपल्याच घरातील एका नुकसानीची आठवण देऊ इच्छितो. चित्रपट हीदेखील एके काळी टवाळांची करमणूक मानली जाई. प्रतिष्ठित घरांत तिचे नाव काढणे शिष्टाचाराविरुद्ध होते. म्हणूनच दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची आज काही रिळेच शिल्लक आहेत आणि १९३१ साली आलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर मूकपटांचे युग जवळजवळ समूळ नाहीसे झाले होते. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने आयुष्य वेचून जे वाचविले, त्याचे आज आपण गोडवे गातो. संगणकावरील खेळांचा नायर आपल्याकडे अजून जन्मास यावयाचा आहे आणि त्याला बसायला खुर्चीही नाही.

कायद्यातील विसंगती तर विनोदी वाटावी अशी आहे. १९८४ च्या दुरुस्तीने आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत केली. म्हणजे 'प्रिन्स'ची आज्ञावली कायद्याच्या लेखी कादंबरीच्या पंक्तीस बसते. दुसरीकडे १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. या दोन कायद्यांची एकमेकांशी भेटच झालेली नाही. सामान्य कवितासंग्रहाची प्रत सरकारदरबारी कायम राहते आणि लाखोंनी खेळलेल्या खेळाची राहात नाही. जपणुकीचे मोल आम्हां गोमंतकीयांना सांगावयास नको. १८३२ साली पणजीत सुरू झालेले आणि आज कृष्णदास शामा यांचे नाव मिरविणारे ग्रंथालय हे देशातील सर्वांत जुने सार्वजनिक ग्रंथालय. तेथील जुनी वृत्तपत्रे चाळताना त्या काळच्या क्षुल्लक जाहिरातीच आज अधिक बोलक्या वाटतात. कोणती वस्तू उद्या मोलाची ठरेल, हे आज ठरविणारे आपण कोण?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. हे खेळ मुलांना नादी लावतात, अभ्यास आणि झोप बुडवितात, काही घरांत त्यांनी सर्वनाश ओढवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अतिरेकी आसक्तीस २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या रोगसूचीत स्थान दिले आहे. हे सारे खरे आहे. पण खेळ आणि खेळाच्या नावावरचा जुगार यांत फरक केला पाहिजे. मांडवीच्या पात्रात तरंगणारे कॅसिनो रोज पाहणाऱ्या वाचकांस तो फरक उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि पैशाविना खेळल्या जाणाऱ्या खेळांना वेगळे स्थान दिले, हे योग्यच झाले. त्या जुन्या खेळांत पैसा मागणारी खिडकी मध्येच उघडत नसे. खेळाला शेवट होता. राजपुत्र सुटला की मुले उठून घरी जात. आजचे कित्येक लोकप्रिय खेळ संपू नयेत अशाच बेताने रचलेले असतात. ज्यांना आपल्या मुलांसाठी चांगले खेळ हवे आहेत, त्यांनी जुने खेळ दाखवून हा फरक समजावून द्यावा. परंतु दाखवायला ते शिल्लक तर पाहिजेत.

आणि आता प्रश्न केवळ परक्यांच्या खेळांचा राहिलेला नाही. पुण्यातील नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने 'राजी' नावाचा खेळ २०२० साली प्रसिद्ध केला. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक सामान्य मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांचे तिला लाभलेले साहाय्य आणि भारतीय शिल्पांच्या धर्तीवर उभारलेले महाल असा त्याचा थाट आहे. चीनने आपल्या पुराणकथेतील वानरवीरावर बेतलेला 'ब्लॅक मिथ : वूकाँग' २०२४ साली बाजारात आणला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. कथांच्या बाबतीत आपण चीनहून दरिद्री खचित नाही. उद्या येथेही असे खेळ होतील, व्हावेत. पण 'राजी'ची एक चालती प्रत, तिची मूळ आज्ञावली आणि ती चालविणारे यंत्र पन्नास वर्षांनी पाहायला मिळेल, अशी हमी आज कोण देतो? ग्रंथप्रदान कायद्याची कक्षा भारतात निर्माण होणाऱ्या खेळांपर्यंत वाढवावी. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या धर्तीवर, हवे तर त्याच्याच आवारात, या खेळांचा एक विभाग उघडावा. आणि विक्री थांबलेल्या खेळाची प्रत अभ्यासासाठी ठेवण्याची मुभा ग्रंथालयांना स्पष्ट शब्दांत द्यावी. या तीन मागण्यांत अवघड किंवा फार खर्चाचे काही नाही.

जतनाचे काम केवळ सरकारचे आहे असेही नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची मूळ आज्ञावली खुद्द मेकनरकडून हरवली होती. २०१२ साली त्याच्या वडिलांना घर आवरताना कपाटाच्या तळाशी एक खोका सापडला. त्यात त्या फ्लॉप्या होत्या. जुनी यंत्रे सांभाळणाऱ्या हौशी माणसांच्या मदतीने त्या वाचण्यात आल्या आणि मेकनरने ती आज्ञावली जगाला खुली केली. एका बापाने खोका फेकला नाही म्हणून एवढे झाले.

इंदूरला काय झाले ते सांगून हा लेख आवरता घेतो. आमच्या भाच्याच्या मुलीस राजपुत्र अखेर दिसला. अमेरिकेतील एका ना-नफा डिजिटल ग्रंथालयाने जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली वापरून असे हजारो खेळ इंटरनेटवर ठेवले आहेत. त्यावरील हक्कांचा वाद मिटलेला नाही. पण तूर्त तो आधार आहे. कोण्या परदेशी ग्रंथपालाच्या आस्थेमुळे इंदूरच्या बापाला आपले बालपण लेकीला दाखविता आले. ती पहिल्याच सापळ्यात चार वेळा पडली आणि बाप मागून सल्ले देत राहिला.

माळ्यावरच्या पेटीने मात्र एक गोष्ट राखून ठेवली होती. वीजपुरवठ्याचा भाग बदलल्यावर तिची हार्ड डिस्क कुरकुरत का होईना, पण सुरू झाली होती. सुरुंगांचा खेळ तीत जागच्या जागी होता. कमीत कमी वेळात पट पुरा करणाऱ्याचे नाव तो खेळ लिहून ठेवतो. मुलीने ती यादी उघडली. मधल्या प्रतीच्या पटापुढे रोमन अक्षरांत 'नाना' असे लिहिलेले होते आणि त्यापुढे आकडा होता, ७८ सेकंद. आमची भगिनी चष्मा पुसून पडद्याजवळ आली. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग नात खुर्चीवर सरसावून बसली. तिला पहिल्या दिवशी चार मिनिटे लागली. आम्ही गोव्यास परतेपर्यंत ती दीडशे सेकंदांवर आली होती. भाच्याने डिस्कची नक्कल काढून दोन ठिकाणी ठेवली आहे आणि पेटी भंगारात देण्याची भाषा त्या घरात आता कोणी काढीत नाही.